दोन चुलींचं घर

कमलीच्या हातची भाकर जाड व्हायची. इतकी जाड, की ती लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची सासू गजराबाई पहिली भाकर दोन्ही हातांत तोलून म्हणाली, "ही खायची आहे, की हिच्यावर बसायचं आहे?" सगळं घर हसलं. नवी नवरी आधी ओशाळली, मग तिलाही हसू आवरेना. सासूसुनेचं तिथंच जमलं, आणि जमलं ते कायमचं.

धडगावच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या उतारावर त्यांचा पाडा होता. एक झोपडी या टेकाडावर, तर दुसरी पलीकडच्या. घरात सगळे पावरी बोलत. कमलीला मात्र अहिराणीही यायची, कारण लग्नाआधी दर हिवाळ्यात ती आईबापासोबत खाली लोणखेड्याला शांतीलाल नावाच्या गुजर शेतकऱ्याच्या कपाशीवर वेचणीला जायची आणि तिथल्या बायकांत बसून त्यांची बोली शिकली होती. गजराबाईला त्याचा कोण तोरा! "माझ्या सुनेला साहेबाची भाषा येते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तिच्या लेखी ज्याच्या पायात बूट तो साहेब.

लग्नानंतरच्या पहिल्या होळीला गजराबाईनं वाळल्या भोपळ्याची पळी सुनेच्या हातात दिली. पाड्यावर याला अर्थ होता. ज्या बाईच्या हातात पळी, ती घराची वाढणारी. तिनं आधी म्हाताऱ्यांना वाढायचं, मग पोराबाळांना, मग बाकीच्यांना, आणि तळाला उरेल ते आपण खायचं. "आजवर तळ मी खाल्ला, आता तू खा," गजराबाई म्हणाली आणि चुलीपासून उठून भिंतीला पाठ लावून निवांत बसली. त्या दिवसापासून घरातला पहिला घास तिचा.

गजराबाईचा एकुलता एक मुलगा करणसिंग, म्हणजे कमलीचा नवरा, जंगलात लाकूडतोडीच्या कामाला जायचा. अबोल, कामसू माणूस. दिवली नावाची पोर झाली, ती रांगायला लागली, आणि एका सकाळी झाड पडायचं त्या बाजूला न पडता करणसिंगच्या अंगावर पडलं. माणसं त्याला झोळीत घालून घरी घेऊन आली. यापलीकडे त्या दिवसाचं कमलीला काहीच आठवत नसे, आणि कुणी आठवण काढलेलीही तिला खपत नसे.

महिनाभरानं कमलीचा बाप तिला न्यायला आला. त्या लोकांत तरण्या विधवेनं दुसरं घर केलं तर कुणी नाक मुरडत नाही. गजराबाई स्वतःच म्हणाली, "जा पोरी. तुझं वय आहे." कमली चुलीपुढं बसून भाकर थापत होती. तिनं मान वर केली नाही. "मी गेले तर तुला वाढणार कोण?" एवढंच म्हणाली. बाप एक दिवस थांबला आणि एकटाच परत गेला. पुढं कुणी तो विषय काढला नाही.

तिघींचं बरं चाललं होतं, असं म्हणवत नाही; पण चाललं होतं. मग लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. पहिल्या वर्षी मका कणसात भरलाच नाही आणि दुसऱ्या वर्षी कंबरेइतकाही वाढला नाही. ही पासष्ट-सहासष्टची गोष्ट. सरकारनं घाटातल्या रस्त्याचं दुष्काळी काम काढलं आणि कमली तिथं खडी फोडायला जाऊ लागली. मजुरी कधी आठवड्यानं मिळायची, कधी मुकादमाला आठवण होईल तेव्हा. त्यात एका माणसाचं पोट नीट भरलं असतं. खाणारी तोंडं तीन होती.

त्याच सुमारास धडगावच्या स्वस्त धान्याच्या दुकानात निराधारांना फुकट धान्य मिळतंय, असं पाड्यावर कळलं. कमली बाजाराच्या दिवशी तलाठ्याकडे गेली. रूपचंद तलाठी खाली शहाद्याकडचा, बोलायला मऊ, गरिबाला ओट्यावर बसू देणारा. त्याला पाड्यावरचे लोक आप्पा म्हणत.

"तू खडीना कामवर जास ना?" त्यानं विचारलं.

"जास, आप्पा."

"मंग तुना घरमा कमावता हात शे. ज्या चुलावर कमावता हात शे, त्या चुलाले हाई धान्य भेटाव नही."

"मंग काम सोडी देऊ?"

"काम सोडशी तरी भेटाव नही. तू धडधाकट शे ना! धडधाकट माणूसनी काम करनं, असा नियम शे."

नियम करणाऱ्याच्या घरी कमावत्या माणसाच्या मजुरीत सगळं घर जेवत असावं. त्याला वाटलं, सगळीकडे तसंच असेल. काम करणारा उपाशी असू शकतो ही गोष्ट त्या कागदात कुठंच बसत नव्हती.

"मंग डोकरीनी काय खावं?" तिनं विचारलं. डोकरी म्हणजे म्हातारी सासू.

रूपचंदनं मान खाजवली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे आधी सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ या माणसाच्या चांगुलपणात आहे. तो आवाज उतरवून म्हणाला, "डोकरीनी चूल येगळी कर. नुसती कागदवर. येगळी चूल म्हंजे येगळं कार्ड, आनि तिना घरमा कमावता कोणी नही. साहेब पाहाले येई, त्याले दोन चुला दिसाले पाहिजेत, आनि पाड्याना एखादा मोठा माणूसनी तसं सांगाले पाहिजे. बस."

कमली आनंदात घाट चढली. एक जादा चूल मांडायची, चार दगडमातीचं तर काम!

पाड्यावरचा मोठा माणूस म्हणजे जान्या, देवाधर्माचं पाहणारा म्हातारा पुजारा. त्याच्या शब्दाला सगळा पाडा मान द्यायचा, आणि तो शब्द जपून वापरायचा. कमलीनं सगळं सांगितल्यावर त्यानं विचारलं,

"साहेबापुढं मी सांगायचं की चूल वेगळी झाली?"

"हो, बाबा."

"मग ती व्हायला पाहिजे. न झालेली झाली असं मी कसं सांगू? मी पुजारा आहे, पोरी. चुलीबद्दल खोटं बोललो तर पाड्यात कुणाच्या घरी जाऊन बसू?"

कमलीनं त्याला परोपरीनं समजावलं की हे फक्त कागदापुरतं आहे. जान्याला कागदापुरतं म्हणजे काय ते कळेना. त्याच्या जगात चूल एकतर एक असते, नाहीतर दोन. शेवटी गजराबाईच म्हणाली, "करून टाक रे जान्या. पोरीला त्रास नको. एकाच छपराखाली तर राहणार आहोत."

तर रीतसर चूल वेगळी झाली. झोपडीच्या पलीकडच्या कोपऱ्यात कमलीनं स्वतःच्या हातानं नवी चूल लिंपली. जान्यानं मोहाच्या दारूच्या दोन वाट्या आणल्या. एका वाटीतून गजराबाईनं थेंब टाकले, दुसरीतून कमलीनं. पूर्वजांची नावं घेतली, धान्याच्या देवीचं, कणसरीचं नाव घेतलं. जुन्या चुलीतलं जळतं लाकूड उचलून नव्या चुलीत ठेवलं. मग जान्यानं म्हणायचं ते म्हटलं: तुझा धूर तुला, तिचा धूर तिला, कच्चं द्यावं, घ्यावं, पण शिजलेलं द्यायचं नाही, शिजलेलं मागायचं नाही; पोराला मात्र दोन्ही चुली. इतर घरांत हे भांडण विकोपाला गेल्यावर व्हायचं आणि तेव्हा बायका एकमेकींकडे पाहत नसत. इथं दोघी एकमेकींकडे पाहत होत्या. गजराबाईनं नवी पळी हातात घेतली आणि हसून म्हणाली, "म्हातारपणी पुन्हा घरधनीण झाले बघ." कमलीला हसू आलं नाही.

साहेब आला. दोन चुली पाहिल्या, दोन्हींत राख पाहिली, जान्याला विचारलं. जान्यानं छातीवर हात ठेवून खरं तेच सांगितलं. कार्ड झालं.

धान्य मिळालं ते म्हणजे लाल ज्वारी, परदेशातून आलेली. तिकडं ही गुरांना घालतात, असं दुकानापुढं कुणीतरी म्हणालं. गजराबाई म्हणाली, "मग चांगलंच आहे. आपली गुरं मेली, त्यांचा वाटा आपण खाऊ." त्या ज्वारीची भाकर थापताना तुटायची आणि तिचा वासही निराळा, पण पोटात आधार व्हायचा. सुरुवातीचे काही महिने म्हातारी काठी टेकत कमलीसोबत बाजाराला उतरायची, अंगठा द्यायची, कमली पिशवी डोक्यावर घ्यायची. रूपचंद दिसला की गजराबाई लांबूनच त्याला हात जोडायची.

पण अर्धपोटी माणसाचे पाय किती दिवस चालणार! म्हातारीच्या पायांना सूज आली. कमली एकटी दुकानात गेली, तेव्हा दुकानदारानं कार्ड उलटसुलट पाहून परत केलं. कार्ड दुसऱ्या चुलीचं, तिथल्याच माणसानं यायला हवं, आणि त्या चुलीवर माणूस एकच. कमली म्हणाली, ती माझी सासू आहे. दुकानदार म्हणाला, कागदावर तशी दिसत नाही. ती रूपचंदकडे धावली. त्यानं हात टेकले. साहेबाला लिहितो म्हणाला, आणि त्यानं खरंच लिहिलं. उत्तर आलं नाही.

पुढच्या बाजाराला कमलीनं सासूला पाठुंगळी घेतलं आणि घाट उतरली. म्हातारी तिच्या कानाशी सारखं बोलत होती, "ठेव गं, मला ठेव इथं, दम घे." वजन असं राहिलंच नव्हतं, कमलीला त्याचीच भीती वाटली. दुकानापाशी पोचल्या तर खालून गाडीच आली नव्हती. पुढच्या बाजाराला या, असं सांगून दुकानदारानं फळी लावून घेतली. दोघी परत घाट चढल्या.

मग कमलीनं आपल्या वाटणीतलं पीठ सासूच्या मडक्यात ओतायला सुरुवात केली. कच्चं द्यायला रीत आड येत नव्हती. सकाळी कामावर निघताना ती ओंजळभर पीठ पलीकडच्या कोपऱ्यात ठेवायची आणि संध्याकाळी आल्या आल्या विचारायची, "जेवलीस का, माय?"

"जेवले."

चूल कोमट असायची, मडकं घासून पालथं घातलेलं असायचं. न मानण्यासारखं काय होतं? फक्त दिवली संध्याकाळी नीट जेवत नसे. कमलीला वाटायचं, पोर दिवसभर रानात हिंडते, काहीतरी फळंबिळं खात असेल. दिवलीच्या गालांवर थोडं मांस आलं होतं. दुष्काळात पोरीचे गाल भरलेले पाहून कुठल्या आईला शंका येईल?

एका दुपारी कमलीच्या बोटावर हातोडा बसला आणि मुकादमानं तिला घरी पाठवलं. दारात आली तर गजराबाई आपल्या चुलीपुढं बसली होती. समोर दिवली पिठाचा पातळ घाटा खात होती. पोरीचं झालं तशी म्हातारीनं पळी मडक्याच्या तळाला फिरवली, कोरडी वर काढली, मग मडक्यात पाणी ओतून ते विसळलं आणि प्याली.

कमली दारातूनच म्हणाली, "हे रोज करतेस?"

गजराबाई दचकली नाही. "पळी माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "पळी असेल ती शेवटी जेवते. मीच शिकवलं ना तुला? तळाला उरत नाही, त्याला मी काय करू?"

रडावं की भांडावं ते कमलीला कळेना. तिनं आपल्या चुलीवरची सकाळची भाकर आणली, मोडली, घास सासूच्या तोंडाशी नेला. म्हातारीनं तोंड फिरवलं. "थेंब टाकलेत मी. पूर्वजांची नावं घेतलीत. तुझ्या चुलीचं शिजलेलं खाऊन वर गेले, तर करणसिंगला काय तोंड दाखवू?" कमली ओरडली, हातापाया पडली, तिला तिच्या लेकाची शपथ घातली. म्हातारी कमलीनंच लिंपलेल्या चुलीशी बसून नको नको म्हणत राहिली.

त्याच पावली कमली जान्याकडे गेली. जान्या ऐकून गहिवरला. "चूल जोडता येते," तो म्हणाला. "एकाच वाटीतून दोघींनी थेंब टाकायचे. आणू वाटी?"

कमली आण म्हणाली आणि त्याला घेऊनच घरी आली. पण गजराबाईनं नको म्हटलं. चूल जोडली की कार्ड गेलं. येत्या बाजाराला गाडी येणार असं पक्कं कळलं होतं, आणि थकलेलं सगळं धान्य एकदम मिळणार होतं. "तेवढं घरात येऊ दे. मग जोड. इतक्या दिवसांत मेले नाही, बाजारापर्यंत मरते होय?" कमलीला पटलं. पटायला नको होतं. पण घरात पीठ संपत आलेलं असताना दारी येणारं धान्य सोडायला छाती लागते, आणि ती तिच्यात उरली नव्हती.

तिनं एक केलं. दुसऱ्या दिवसापासून दिवलीला आपल्याबरोबर खडीच्या कामावर नेऊ लागली. घरात वाढायला कुणी नसलं म्हणजे म्हातारी आपलं आपण खाईल. निघताना ती पीठ ठेवायची आणि दटावून सांगायची, "आज तळ नाही. आज सगळं तुझं." गजराबाई मान हलवायची.

बाजाराच्या आदल्या दिवशी मायलेकी उन्हं कलता परत आल्या. गजराबाई तिच्या चुलीजवळ कुशीवर निजली होती. दिवली हाका मारत आधी धावली. कमलीला दारातूनच कळलं. सूज आलेल्या पायांवर माशी बसली होती आणि पाय हलत नव्हता.

चुलीशेजारी एक टोपली पालथी घातलेली होती. कमलीनं ती उचलली. खाली भाकर होती, चांगली पातळ, गोल, गजराबाईच्या हातची. तिचा एकही कोपरा मोडलेला नव्हता. नातीसाठी झाकून ठेवली होती. कमलीनं ती भाकर छातीशी धरली आणि जो हंबरडा फोडला, तो पलीकडच्या टेकाडावर जान्याला ऐकू गेला.

दुसऱ्या दिवशी धान्याची गाडी आली म्हणतात. कमली गेली नाही. कार्डावर अंगठा द्यायला आता कुणी नव्हतं.

त्या साली पाऊस झाला. मका आला, खडीचं काम बंद पडलं, पाड्यावर पुन्हा कुणाकुणाची लग्नं झाली. कमलीनं जान्याला विचारलं, आता तरी चूल जोडता येईल का? जान्या म्हणाला, नाही पोरी, थेंब दोघींनी टाकावे लागतात. म्हणून ती पलीकडच्या कोपऱ्यातली चूल तशीच राहिली. कमली स्वतःच्या चुलीसोबत तीही सारवायची. बायका म्हणत, मोडून टाक, जागा होईल. ती ऐकून घ्यायची.

वर्ष उलटल्यावर रूपचंद तलाठी स्वतः डोंगर चढून आला. घामाघूम झाला होता, पण चेहरा फुललेला. त्यानं पाठवलेल्या कागदांचा त्यात काही वाटा होता की नाही कोण जाणे; त्याला तसं वाटत होतं आणि तेवढं सुख त्याचं त्याला लखलाभ.

"कमलीबाई, नवा हुकूम उना," उंबऱ्यावर टेकत तो म्हणाला. "आते चूल कोणी इचाराव नही. कमावता शे का नही, तेबी इचाराव नही. घरमा जितला माणसे, तितलं धान्य. घरमातलं कोणीबी उनं तरी चाली. सांग, कितला माणसे शेतस? लिखी लेस."

कमलीनं त्याला आधी पाणी दिलं. तो पिऊन होईपर्यंत थांबली.

"आते दोनच शेतस, आप्पा," ती म्हणाली. "गयी साल तीन व्हतात. हाई तवय का बरं नही इचारं?"

रूपचंदची नजर पलीकडच्या कोपऱ्याकडे गेली. थंड, स्वच्छ सारवलेली चूल, तिच्यावर पालथी घातलेली टोपली आणि भोपळ्याची पळी. तो मग फार वेळ बसला नाही. दोन माणसं लिहून घेतली आणि खाली मान घालून उतरणीला लागला.

पुढच्या बाजाराला कमलीनं दोघींचं धान्य आणलं. कुणी काही विचारलं नाही. अंगठा दिला, पिशवी भरली, झालं. इतकं सोपं होतं ते. तिनं ज्वारी दळली आणि आपल्या चुलीवर भाकरी केल्या. दिवली ताटली घेऊन बसली, तिला कमली थांब म्हणाली. गेलेल्या माणसाला कुठल्याही चुलीचं चालतं, हे तिनं जान्याला विचारून घेतलं होतं. पहिली भाकर, तीच तिची जाड भाकर, तिनं दोन्ही हातांत उचलली आणि थंड चुलीवर नेऊन ठेवली.

"खा, माय," ती म्हणाली. "आता चूल कोणी विचारत नाही."

मग तिनं दिवलीला वाढलं, आणि तळाला उरलं ते आपण घेतलं.